आधी मशीन कुठे अडतंय ते बघा

(जुना कॉम्प्युटर टाकून देण्याआधी काय करून बघावं, यावर ठाण्यात नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

मंडळी, पाचपाखाडीतल्या एका काकांचा फोन आला. "व्हायरस शिरलाय, बँकेची साइट उघडत नाही." जाऊन बघतो तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१३! मदरबोर्डावरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना मशीनचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तारीख मागे गेली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागूच झालेलं दिसत नाही, मग तो आत सोडत नाही. सेल बदलला, तारीख लावली, चहा आला. आधी कुणीतरी त्यांना "नवंच घ्या" सांगून गेलं होतं.

काकांचं मशीन म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर (हिशेब करणारी मुख्य चिप), ४ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती), ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबावं आणि दूध घेऊन यावं, तेव्हा कुठे सुरू होणार. बोल मात्र प्रोसेसरला लागतो. बिचारा तो बहुतेक वेळ डिस्कची वाट बघत बसलेला असतो. डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेडने सरकायचं ते वेगळंच. विंडोज सुरू होताना असं हजारो वेळा होतं. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही. म्हणून पहिला खर्च तिच्यावर, आणि साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीला लागणारी) घ्या. एनव्हीएमई ही दुसऱ्या जातीची एसएसडी जास्त वेगवान खरी, पण त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर तिला जागाच नसते.

जुनी डिस्क नवीवर उतरवताना कुठून कुठे ते दोनदा वाचा. मी एकदा घाईत उलटं केलं. कोरी डिस्क भरलेल्यावर ओतली आणि बहिणीच्या घरचे सात वर्षांचे फोटो गेले. ती अजून दर गणपतीत आठवण करून देते.

रॅम ८ जीबी करा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन जातींच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, तेव्हा जुनी पट्टी दुकानात घेऊन जा. आणि पावसाळ्यात मशीन नुसतंच बीप करत राहिलं तर आधी प्लग काढा, पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत या औषधाला बऱ्याचदा गुण येतो.

आता विंडोज. १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी मशीनमधली सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. अट चुकवून ११ बसवणारे आहेत. पण ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे मी ते करत नाही, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकतो. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही. मराठी युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) छान दिसतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर गिचमिड दिसतील, त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

काकांचा प्रिंटर मिंटवर लगेच चालला, स्कॅनर काही केल्या नाही. आता ते बिलांचे फोटो मोबाइलवर काढतात.