हातातला गेम आणि महिन्याची वर्गणी

मित्रहो, महिन्याची वर्गणी भरून हातातल्या यंत्रावर गेम खेळण्याबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती सेवा घेऊ, जास्त गेम कुणाकडे आहेत? जाहिरातीही तेच सांगतात, एवढ्या रुपयांत एवढे शेकडो गेम. घरात टीव्हीसमोर कन्सोल असेल तर हा प्रश्न चालून जातो. हातात धरायच्या यंत्रावर मात्र आधी विचारायचं ते वेगळंच. गेम तुमच्या यंत्रात उतरतो की दुसरीकडे चालून त्याचं चित्र तुमच्याकडे येतं? आणि नेटवर्क गेलं की काय उरतं? या दोन गोष्टी न तपासता भरलेली वर्गणी बऱ्याचदा पहिल्याच प्रवासात वाया जाते.

वर्गणी भरून गेम खेळायची कल्पना नवी नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत सेगा कंपनीने केबल टीव्हीच्या तारेतून ‘सेगा चॅनल’ सुरू केला होता. महिन्याचे पैसे भरायचे, पन्नासेक गेमांतून निवडायचा, तो मशीनच्या मेमरीत उतरायचा. मशीन बंद केलं की गेम गेला. आज तंत्र पार बदललं, पण वर्गणीदाराची स्थिती फारशी बदललेली नाही.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो तिथे येतो: स्टीम डेक आणि गेम पास. गेम पास ही मायक्रोसॉफ्टची वर्गणीवर गेम देणारी सेवा, ती २०१७ साली आली. स्टीम डेक हे व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरायचं यंत्र, ते आलं फेब्रुवारी २०२२ मध्ये. भारतात डेक अधिकृतपणे विकला जात नाही, तरी बाहेरून आणलेले बरेच दिसतात. लोक समजतात, डेकवर विंडोजचे गेम चालतात, गेम पासवरही विंडोजचेच गेम आहेत, मग अडचण कसली? अडचण आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. डेकवर विंडोज नसते, लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस ही वेगळी कार्यप्रणाली असते. विंडोजसाठी लिहिलेला गेम तिथे ‘प्रोटॉन’ नावाच्या थराच्या आधारे चालतो. गेम विंडोजला जी जी कामं सांगतो, ती प्रोटॉन लिनक्सला कळतील अशी करून देतो. चित्र काढण्यासाठी विंडोजच्या डायरेक्टएक्स पद्धतीने केलेली मागणी लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन पद्धतीत वळवली जाते. हे काम इतकं चांगलं जमलंय की खेळताना जाणवतही नाही. पण गेम पासचा गेम नुसता गेम म्हणून येत नाही. तो एक्सबॉक्स अ‍ॅपमधून, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बांधणीत येतो आणि सुरू होताना विंडोजमधल्या परवाना तपासणाऱ्या सेवांना हाक मारतो. त्या सेवा स्टीमओएसवर नाहीतच. म्हणजे डेकची ताकद कमी पडते असं नाही. हाकेला ओ द्यायला तिथे कुणी नाही.

मग डेकवाल्यांनी काय करायचं? मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच मार्ग सांगितला: एज ब्राउझर टाका आणि त्यात एक्सबॉक्सची क्लाउड सेवा उघडा, म्हणजे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. तो टाकताना एक बारीक खोच आहे. डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये एज येतो तो फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या बंदिस्त स्वरूपात, आणि फ्लॅटपॅकमधलं प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कुंपणात बंद असतं. ब्राउझरला बाहेरचं काही दिसत नाही, त्यात डेकची बटणंही आली. गेमचं पान उघडतं, चित्र येतं, पण बटण दाबलं तर काहीच हलत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एकाच ओळीची आज्ञा द्यावी लागते, ती ब्राउझरला ‘यूडेव्ह’ ही जोडलेल्या उपकरणांची नोंद असलेली जागा फक्त वाचायची परवानगी देते. तिथूनच त्याला कळतं की कंट्रोलर जोडलेला आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी डेकमध्येच दोष आहे असं ठरवून टाकलेलं मी पाहिलंय.

डेकवर खरोखर उतरवून खेळता येईल अशी वर्गणीही आहे. ईए कंपनीची ईए प्ले ही वर्गणी २०२० पासून स्टीमवरूनच, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातूनच, घेता येते. फक्त यादीतला प्रत्येक गेम चालेल असं धरू नका. काही गेममधली फसवणूक रोखणारी सॉफ्टवेअर लिनक्सला आत घेत नाहीत. एपेक्स लेजंड्स हा फुकट गेम डेकवर छान चालत होता, तो ईएने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवर बंद केला. तेव्हा पैसे भरण्याआधी गेमच्या नावापुढे डेकबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आता विंडोजची हँडहेल्ड, म्हणजे विंडोजवरच चालणारी हातातली यंत्रं. एसुसचा आरओजी अ‍ॅली २०२३ मध्ये भारतातही आला, लेनोवोचा लीजन गो त्याच वर्षी निघाला. यांवर गेम पास पूर्ण चालतो, गेम उतरवता येतात. मला विचाराल तर गेम पाससाठीच यंत्र घ्यायचं असेल तर विंडोजचंच घ्या. पण एक काम घरून निघण्याआधी करा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन परवानग्यांचं एक बटण असतं, ते या यंत्रासाठी चालू करा. एका वेळी एकाच यंत्राला ही सोय मिळते. घरच्या पीसीवर ती चालू असेल तर हातातल्या यंत्राला मिळणार नाही. मग जे गेम प्रवासात हवेत ते नेट असताना एकेकदा उघडून पाहा, म्हणजे परवाना उतरतो. त्यानंतरही कमाल तीस दिवसांत एकदा यंत्र नेटला जोडावं लागतं.

विंडोजचं दुसरं दुखणं झोपेचं. डेकचं पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच पुढे. ठाण्याला गाडीत बसलात, दादरला उतरायचंय, एवढ्यात खेळायचं तर हेच हवं. विंडोजवर जागं झाल्यावर गेम कधी असतो, कधी बंद पडलेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलीवर डेस्कटॉप न उघडता थेट एक्सबॉक्सच्या पडद्यावर सुरू व्हायची सोय आहे. मेमरीचीही बचत होते. दिशा योग्य आहे.

क्लाउडबद्दल थोडा हिशेब मांडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात सुरू झाली, त्यामुळे हा हिशेब आता आपल्या घरचा आहे. चित्र सेकंदाला दहा मेगाबिटने येतंय असं धरा. तासाला साडेचार जीबी झाले. वीस मेगाबिटने नऊ जीबी. आपल्याकडे मोबाइलचे कितीतरी पॅक दिवसाला दीड जीबीचे असतात. म्हणजे दहा मेगाबिटने बरोब्बर वीस मिनिटं. त्यात वेगाइतकाच महत्त्वाचा असतो उशीर. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण सतरा मिलिसेकंद. तुम्ही बटण दाबल्याची खबर सर्व्हरकडे जाणार, तिथे चित्र तयार होणार, ते आवळून परत पाठवलं जाणार आणि तुमच्या यंत्रात उलगडणार. हे सगळं किती चित्रं मागे राहतं ते अंतरावर आणि वायफायवर ठरतं. पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये फरक पडत नाही. मारामारीच्या किंवा अचूक उडीच्या गेममध्ये हात चुकायला लागतो, आणि मुलं स्वतःलाच कच्चं समजतात. त्यांना हे सांगायला हवं.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी तर क्लाउडच्या भरवशावर निघूच नये. एक्याण्णव बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. तेवढ्यात गाडीला चार-पाच मिनिटं सहज लागतात, आणि सर्व्हर इतका वेळ वाट पाहत नाही.

क्लाउडची एक बाजू मात्र मनापासून आवडते. यंत्राला फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो, त्यामुळे बॅटरी टिकते, पंखा ओरडत नाही. पहिल्या डेकची बॅटरी चाळीस वॉट-तासांची, जड गेमवर ती दोन तासांतच आटोपते. घरात चांगलं ब्रॉडबँड आहे, टीव्ही दुसरं कुणी पाहतंय, तुम्ही गादीवर पडून खेळताय, यासाठी क्लाउडसारखी सोय नाही.

सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टलबद्दल इथे खूप विचारणा होते. तो भारतात मिळतो, पण घेण्याआधी एक लक्षात घ्या: तो मुळात घरच्या पीएस फाइव्ह कन्सोलचं चित्र दाखवणारा पडदा आहे. परदेशात प्लेस्टेशन प्लसच्या प्रीमियम वर्गणीवर त्याला थेट क्लाउडमधून खेळता येतं. भारतात प्रीमियम नाहीच, त्या जागी डीलक्स आहे, आणि डीलक्समध्ये क्लाउड नाही. तेव्हा परदेशी व्हिडिओ पाहून पोर्टल घेऊ नका. आणि घराबाहेरून खेळायचं असेल तर घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग तपासा. चित्र घरातून बाहेर जातं, डाउनलोड कितीही असून उपयोग नाही.

आयफोनवर आर्केड ही आयफोनवाल्या कंपनीचीच गेमची वर्गणी घेणाऱ्यांचं काम सोपं आहे: गेम उतरतात, नेटशिवाय चालतात, लहान मुलांसाठी उत्तम.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, आणि ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: तुमचा सेव्ह, म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर आलात ते जपून ठेवणारी फाइल. वर्गणीतले गेम येतात तसे जातात. जीटीए फाइव्ह गेम पासमधून जानेवारी २०२४ मध्ये गेला, एप्रिल २०२५ मध्ये परत आला. वाचनालयातलं पुस्तक परत गेलं तरी तुम्ही वाचलेलं तुमच्याकडे राहतं. गेमचं तसं नाही. पन्नास-साठ तासांची मेहनत एका फाइलमध्ये असते, आणि ती फाइल कुठल्या दुकानाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं. गेम पासवर फोर्झा होरायझन फाइव्ह खेळलात आणि नंतर तोच स्टीमवर विकत घेतलात तर पहिल्यापासून सुरुवात. दोन्हीकडे एकच एक्सबॉक्स खातं असलं तरीही. उलट डायब्लो फोरचा सगळा हिशेब कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर असतो, म्हणून तो कुठेही उघडा, तुमचा योद्धा तिथेच आहे. मोठा, लांबचा गेम वर्गणीवर सुरू करण्याआधी त्याचा सेव्ह दुसऱ्या दुकानात जातो का, एवढं शोधून बघा. जात नसेल आणि गेम आवडणार याची खात्री असेल, तर तो सवलतीत विकत घ्या, आणि ज्या यंत्रावर पुढची काही वर्षं खेळणार आहात त्या यंत्राच्या दुकानातूनच घ्या.

पैशाबद्दल. गेम पासची सर्वांत वरची श्रेणी, अल्टिमेट, तिचा दर अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना वीस डॉलरवरून तीस डॉलर झाला, भारतातही दर वाढले. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका. एक महिना घ्या, एक गेम पुरा करा, बंद करा, हवी तेव्हा पुन्हा घ्या. सेव्ह क्लाउडवर जपलेला असतो. कार्डावरून आपोआप पैसे जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोवीस तास आधी बँकेचा संदेश येतो. तो संदेश ज्या फोनवर येतो तो कुणाच्या हातात असतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी बघावं. मुलाच्या यंत्रावर आईचं कार्ड आणि संदेश बाबांच्या जुन्या नंबरवर, अशी घरं कमी नाहीत.