आधी नाव की आधी माणूस?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'आपत्ती, शासन आणि समाज : पुढची दिशा'. हे नाव मी दिलेलं नाही. मला फोनवर विचारलं कशावर बोलणार, मी म्हटलं आपत्तीत मदत कोणाला द्यायची त्या याद्यांवर, तर पलीकडून म्हणाले याद्यांवर कोण येणार हो ऐकायला. तरी तुम्ही आलात, आता बसा. पुढच्या दिशेकडं शेवटी येतो, पाऊण तास आहे, भरपूर वेळ आहे.

तुमच्यातले किती जण पगारदार? करा हात वर. पगाराच्या स्लिपवर एक व्यवसाय कर असतो बघा, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, आणि दर फेब्रुवारीला ऑफिसात कोणीतरी विचारतंच की हे शंभर जास्तीचे कशाला. त्याचं उत्तर साधं आहे, वर्षाचे 2500 भरायचे असतात. पण मुळात हा कर कशाला, ते कोणी विचारत नाही. 1975 साली तो रोजगार हमीसाठी बसवला. म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या दुष्काळी मजुराला काम द्यायचं, असा तो हिशोब. तीस वर्षं नोकरी करून हे माहीत नसलेले लोक मला भेटलेत, मी स्वतः त्यातलाच एक, मला निवृत्त व्हायच्या वर्षी कळलं.

आता आज्जी. आज्जीशिवाय माझं भाषण होत नाही हे इथल्या काही लोकांना माहीत आहे, ते हसतायत, हसू द्या.

1972 चा दुष्काळ. आमची आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सायकलच्या टायरचा तुकडा गोल बांधून त्यात दगड धरायचा म्हणजे निसटत नाही, अंगठ्याला चिंधी, आणि तोंडावर पदर ओढलेला, लाजेपोटी नव्हे हां, कपरी उडून डोळ्यात जाते म्हणून. दुपारी सुकडी मिळायची, पिठाचा कोरडा खाऊ. रेशनला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि आज्जी अमेरिकेला शिव्या घालायची, अमेरिका कुठं आहे ते तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मजुरी मापावर, ब्रासच्या हिशोबानं. शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास. दिवसभर रचलेला ढीग संध्याकाळी साहेब मोजायला येईपर्यंत 'बसायचा', म्हणजे खाली दबायचा, आणि माप कमी भरायचं. मग बायकांनी शक्कल काढली, आत मोठे धोंडे आणि वरून बारीक खडी. साहेबानं पण शक्कल काढली, तो काठी घेऊन यायला लागला, ढिगात खुपसून बघायचा. आज्जी मरेपर्यंत सांगायची की माझ्या ढिगात धोंडे नव्हते तरी त्यानं माझे पैसे कापले. किती कापले, तर दर वेळी वेगळा आकडा. मी कागदावर मांडून बघितलं एकदा, जुळत नाही.

आता या सगळ्यात तिला एक गोष्ट कोणी विचारली नाही : तू गरीब आहेस का? दाखला आण, उतारा आण, नवरा काय करतो. काही नाही. आली, हातोडा घेतला, बसली, मग मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव चढलं. मे महिन्याच्या उन्हात जी बाई दगड फोडायला येते तिची गरिबी तपासायला तलाठी कशाला लागतो? ऐन भरात, 1973 च्या मे महिन्यात, राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. एवढ्या लोकांची आधी यादी करत बसले असते तर यादी झाली असती पण लोक राहिले नसते.

(मागून एक जण : मस्टर पण यादीच की!)

बरोब्बर. मी याचीच वाट बघत होतो. मस्टर यादीच आहे, पण त्यात आधी माणूस येतो आणि मग नाव. पंचनाम्याच्या यादीत आधी नाव असतं आणि मग माणूस शोधतात. हे एवढंच मला आज सांगायचंय खरं तर. बोगस मस्टर पण झाली, मेलेली माणसं पण खडी फोडत होती कागदावर, ते नाकारत नाही. पण चोरी झाली म्हणून दार बंद करायचं नसतं.

रोजगार हमीची ही कल्पना वि. स. पागे यांची. विसापूरचे, आपल्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. आधी तालुक्यात करून बघितली, मग वसंतराव नाईकांच्या काळात राज्यभर, 1977 ला कायदा, 26 जानेवारी 1979 पासून लागू. मागेल त्याला काम. शब्द बघा, मागेल त्याला, 'पात्र असेल त्याला' नाही. केंद्राचा कायदा यायला 2005 उजाडलं. त्या आधीचं बघायचं तर 1877 च्या दुष्काळात इंग्रज सरकारच्या टेंपल साहेबानं मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी खाली आणली तेव्हा आपल्या इलाख्यात लोक कामं टाकून निघून गेले होते आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं अर्ज लिहीत होती. त्याच साली धनकवडीला फुले आणि सत्यशोधक मंडळी दुष्काळातल्या पोरांना जेवू घालत होती. तिथं पण यादी नव्हती, पोरगं आलं की ताट. हे वेगळं भाषण आहे, जाऊ दे.

आता 2019 चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. माझ्या मामांच्या गावात, गावाचं नाव घेत नाही, आठ दिवस पाणी. शासनाचा निर्णय निघाला की घर दोन दिवस पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. दीड दिवस असेल तर काय, माणसानं भूक अर्धी लावून घ्यायची? मग पाणी उतरलं आणि पंचनामे. घर कोणाच्या नावावर, तर माझ्या आजोबांच्या, म्हणजे मामांच्या वडलांच्या, ते वारून वीस वर्षं झालेली. तीन भाऊ, तीन चुली, यादीत एकच नाव आणि ते पण स्वर्गातलं. मामा म्हणाले वारसनोंद करायची राहिली हो. तर पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, मग आजोबांना सही करायला सांगा. चेष्टेत म्हणाला, बिचारा तीन दिवस झोपला नव्हता, पण पैसे अडकले ते खरंच अडकले, दिवाळी गेली. आणि मामांच्या शेतात रोजानं येणारी जी बाई, तिचा पंचनामाच नाही. पंचनामा घराचा होतो, पिकाचा होतो, म्हशीचा होतो. तिचं काय बुडालं? वीस दिवसांची रोजंदारी. ती मोजायला रकानाच नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, पुढची दिशा आता पाच मिनिटांत.

पहिलं, पाणी ओसरल्या दिवशी गावातच काम उघडा. गाळ काढणं, मेलेली जनावरं उचलणं, शाळा धुणं, आणि स्वतःच्या घरातला गाळ काढला तरी ते काम धरा, मजुरी द्या. येईल तो येईल. दुसरं, पहिली रोख मदत पाणी शिरलेल्या गावात सरसकट, चुलीमागं सारखी, पात्रता नंतर भांडा. बागायतदार पण घेईल म्हणता? घेऊ दे, त्याला शोधायला जो खर्च येतो त्याचा हिशोब एकदा कोणीतरी मांडावा. तिसरं, घरबांधणीला यादी लागतेच, तिथं माझं म्हणणं चालत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नवीन जागी बसवली, ती काय रांग लावून बसवणार? पण मग ती यादी जानेवारीत करा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, भाडेकरू आणि वाट्यानं शेती करणारे धरून, वारसनोंदी तेव्हाच उरका. पुरात भिजत भिजत यादी होत नाही हो. चौथं म्हातारे, अपंग, बाळंतिणी, ज्यांना काम जमणार नाही, त्यांच्यासाठी... दुसरी चिठ्ठी आली. बरं.

तर थांबतो. प्रश्न खाली चहाच्या टेबलापाशी विचारा. आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेलं कोणी इथं असेल तर प्लीज भेटून जा, बसलेल्या ढिगाला किती टक्के कापायचे ते मला विचारायचंय.