रूड बॉय आणि स्किनहेड: दोन शब्दांची भांडणं

[पडद्यावर: किंग्स्टनची जुनी कृष्णधवल दृश्यं. मागे ‘स्का’ या जमैकन नाचगाण्याच्या संगीताचा ठेका.]

६ ऑगस्ट १९६२. जमैका स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, पण खेड्यांतून किंग्स्टनला आलेल्या पोरांच्या हाताला काम काही लागलं नाही. तंग सूट, आखूड काठाची हॅट, जमलं तर खिशात चाकू, अशा थाटात ही पोरं नाक्यानाक्यावर उभी राहू लागली. त्यांचं नाव पडलं ‘रूड बॉय’, लाडात ‘रूडी’.

रूडी म्हणजे कोण? पोलिसांच्या लेखी गुंड. वस्तीतल्या पोरांच्या लेखी कुणाच्या बापाला न भिणारा. हा वाद गाण्यांत अक्षरशः कोर्टात गेला. जमैकन गायक डेरिक मॉर्गनच्या एका गाण्यात रूडींवर खटला चालतो आणि ते सुटतात. त्याच सुमाराला, १९६७ मध्ये, दुसरा गायक प्रिन्स बस्टर स्वतः ‘जज ड्रेड’ हा न्यायाधीश होऊन त्यांना चारशे वर्षांची शिक्षा ठोठावतो. दोन्ही गाण्यांवर लोक नाचले. बहुधा तीच माणसं, त्याच रात्री.

स्कानंतर जमैकात आलेलं संगीत म्हणजे ‘रेगे’. खुद्द या शब्दावरही एकमत नाही. १९६८ मध्ये तो रेकॉर्डवर आणला गायक टूट्स हिबर्टने. तो मूळ सांगायचा ‘स्ट्रेगे’, म्हणजे गबाळी, वाया गेलेली बाई. बॉब मार्ले म्हणायचा, छे, हे तर राजाचं संगीत. मला टूट्सचं म्हणणं जास्त पटतं. आपल्या गाण्याला असं हलकं मूळ कुणी उगाच चिकटवत नाही.

[पडद्यावर: लंडन. बूट, गॅलिस, भादरलेली डोकी.]

जमैकाची माणसं कामासाठी ब्रिटनला आली, त्यांच्याबरोबर रेकॉर्डही आल्या. गोऱ्या कामगारांच्या पोरांनी रूडींची ऐट उचलली, केस बारीक कापले, जाड बूट चढवले. १९६९ पर्यंत त्यांना ‘स्किनहेड’ हे नाव चिकटलं होतं. त्याच वर्षी जमैकन गायक डेसमंड डेकरचं ‘इझरलाइट्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

या पोरांच्या आवडत्या रेकॉर्ड काढायची ट्रोजन ही कंपनी. १९६८ मध्ये ती उभी करणाऱ्यांपैकी एक होता ली गोप्थल. जन्म जमैकाचा, वंश भारतीय. ऊसमळ्यांवर राबायला १८४५ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, जमैकात नेले गेले. गांजा हा शब्द रेगेत पोचला तोही त्यांच्याच बोलीतून.

जुने स्किनहेड आजही सांगतात, ‘आम्ही काळ्यांच्या गाण्यांवर नाचत होतो, आम्ही वंशद्वेष्टे कसे?’ नाचत होते, हे खरं. पण १९७० च्या आसपास लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आशियाई माणसांना गाठून मारणाऱ्या टोळ्यांतही स्किनहेड होते, हेही तितकंच खरं. हे दुसरं सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

पुढे नॅशनल फ्रंट या ब्रिटनमधल्या वंशद्वेष्ट्या पक्षाने या पोरांत भरती केली. जुलै १९८१ मध्ये साउथॉल या लंडनमधल्या आशियाई वस्तीत, हॅम्ब्रो टॅव्हर्न या पबमध्ये, स्किनहेड बँडचा कार्यक्रम ठरला. बसमधून आलेल्या टोळक्यांनी रस्त्यात दुकानं फोडली. त्या रात्री तिथल्या आशियाई तरुणांनी टॅव्हर्न पेटवून दिलं.

दरम्यान, १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या टू टोन या रेकॉर्ड कंपनीने रूडीला परत आणलं. तिच्या चिन्हातला काळ्या सुटातला माणूस जमैकन गायक पीटर टॉशच्या एका फोटोवरून काढलेला. या नव्या रूडीच्या हातात चाकू नव्हता. काळे-गोरे एकत्र वाजवत होते, आणि रूडीचा अर्थ झाला नीटनेटका स्काप्रेमी.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या काही स्किनहेडनी वंशद्वेषाविरुद्ध ‘शार्प’ ही संघटना काढली. नाझी स्किनहेडना ते स्किनहेड म्हणतच नाहीत, ‘बोनहेड’ म्हणतात. शार्पच्या बिल्ल्यावर शिरस्त्राण आहे, ते ट्रोजनच्या चिन्हावरून घेतलेलं. म्हणजे भारतीय वंशाच्या गोप्थलच्या कंपनीचं. स्किनहेड आणि बोनहेड हा फरक त्यांना जिवापाड वाटतो. साउथॉलला त्या दिवशी ज्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या, त्यांना मात्र तो समजावून सांगायला कुणी जाऊ नये.