घरी लागलं म्हणून सांगजो

(दृश्य: नागपूरची हिंगणा एमआयडीसी, सकाळची पाळी)

लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनाखालून डबे लटकवलेल्या सायकली एमआयडीसीत वळतात. पत्र्याची शेड, आत प्रेसचा आवाज. इथे माणसं बोलतात ती ओरडूनच.

(दृश्य: पॉवर प्रेस, जवळून)

वर फिरतंय ते फ्लायव्हील, खाली येतो तो रॅम, पत्र्यावर आदळणारा जड ठोकळा. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, बटणं दाबायची. धाड! तुकडा काढायचा, पुढचा पत्रा. बटणं दोन असतात, मुद्दाम लांब लांब बसवलेली, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात तिकडेच अडकावेत. आता डावीकडचं बटण बघा. त्यात लाकडाची पाचर ठोकलीय. एक हात मोकळा, तुकडे भराभर. कॅमेरा चालू असतानाही ती काढावी असं कुणाला वाटलं नाही.

(दृश्य: एका कामगाराचे हात. चेहरा दाखवायचा नाही, तसं त्याला कबूल केलंय.)

उजव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. भरपाईच्या तक्त्यात तर्जनीचं एक पेर म्हणजे कमाईच्या क्षमतेत 9 टक्के घट. दोन पेरं 11, पूर्ण बोट 14, अख्खा अंगठा 30. पण तक्ता उघडतो तो अपघाताची नोंद झाल्यावर. याची झाली नाही. त्याच्याच शब्दांत: "सायबानं गाडीत बसवलं, खाजगी दवाखान्यात नेलं. रस्त्यात म्हनले, घरी लागलं म्हनून सांगजो, बिलाचं आमी पाहून घेऊ."

बिल भरलं, हे खरं. माणूस वाईट नव्हता, असं हा कामगार आजही म्हणतो.

(दृश्य: अपघात नोंदवही, पानं उलटताना)

ही नोंदवही. पानं कोरी, कोपरे मात्र मळलेले. दुखापतीमुळे कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने सरकारला कळवायचं, ही 1948 च्या कारखाने कायद्यापासूनची रीत. राज्य कामगार विम्याचा (ईएसआय) वेगळा अहवाल असतो, त्याला सगळे अजून बारा नंबरचा फॉर्म म्हणतात. तो मालकाच्या लॉगिनमधून ऑनलाइन जातो. गेला की नाही, हे कामगाराला कोण सांगणार?

आता हिशेब. कामावर लागलं अशी नोंद असेल, तर बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. घरी लागलं म्हटलं की तो साधा आजार. 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवसांपर्यंत, आणि त्याआधी पुरेशी वर्गणी भरलेली हवी. 600 रुपये रोज असेल, तर दिवसाला 120 रुपयांचा फरक. कायमच्या अपंगत्वाची भरपाई तर विषयातूनच जाते.

गंमत अशी, की मालकाने पगाराच्या 3.25 टक्के विम्यात आधीच भरलेले असतात. भरपाई त्याच्या खिशातून जाणारच नसते. तरी लपवतो, कारण नोंद झाली की निरीक्षक येतो, पाचर दिसते, आणि माल घेणारी मोठी कंपनी अपघातांचा तक्ता मागते.

(दृश्य: गेटवरचा फलक, 'अपघातविरहित दिवस')

रोज सकाळी वॉचमन खडूने आकडा वाढवतो. बोट गेलं त्या दिवशीही वाढवला होता.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरजवळच्या बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ कामगार गेले, तेव्हा सगळे कॅमेरे अमरावती रोडला लागले होते. एका पेरासाठी हिंगण्याला कोण येतो?

(दृश्य: सोमवारी पेठ, राज्य कामगार विमा रुग्णालयाबाहेरची रांग)

मालकाने लिहिलं नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. विम्याच्या नियमांत जखमी कामगाराने सुपरवायझरला तोंडी सांगितलेलंही चालतं. तो शुद्धीत नसेल, तर शेजारच्या प्रेसवरचा सोबती सांगू शकतो. नोंदवहीत लिहून घ्यायचं, पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, दवाखान्यात पहिल्याच कागदावर 'कामावर असताना' हे शब्द घालून घ्यायचे. डॉक्टरने एकदा 'घरी' लिहिलं की पुढे ते खोडून घेताना दमछाक होते. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांनी आधी एवढं तपासावं, की विम्यात आपलं नाव आहे तरी का.

(दृश्य: तोच कामगार, पॅकिंगच्या टेबलावर)

त्याला आता पॅकिंगला ठेवलंय, पगार कमी झाला. नोंदीसाठी त्याने आता अर्ज केलाय, सोबत्याचा जबाब जोडलाय. मालकाचं उत्तर अजून आलेलं नाही.