सिग्नल भरपूर, व्हिडिओ मात्र जागीच

रंगपंचमीच्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, पोहोचते, तेव्हा गर्दीतले कितीतरी हात मोबाइल धरून वर गेलेले असतात. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात, तरी पुण्याच्या मावशींना पाठवलेला व्हिडिओ जागचा हलत नाही. त्या दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरकस आहे एवढेच सांगतात. आपल्या वाट्याला किती जागा येणार, हे ठरवते टॉवरचे सिग्नल हाताळणारे यंत्र, म्हणजे बेसबँड युनिट.

लोकांचे लक्ष जाते ते उंचावरच्या अँटेनाकडे. बेसबँड युनिट मात्र बहुधा खाली, लोखंडी कपाटात, उणे ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते. अँटेनाजवळचे रेडिओ युनिट लहरींचे आकडे करून ऑप्टिकल फायबरने खाली पाठवते. गोंगाटात मिसळलेल्या त्या आकड्यांतून एकेका फोनचे बोलणे वेगळे काढणे आणि वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करणे, हे काम या युनिटचे.

त्याहून अवघड आहे ती वाटणी. फोरजीमध्ये रेडिओ लहरींच्या २० मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्याचे १०० तुकडे पडतात आणि ते कोणाला द्यायचे, याचा निर्णय दर मिलिसेकंदाला नव्याने होतो. ज्याचा सिग्नल स्वच्छ, त्याच्या एका तुकड्यातून जास्त माहिती जाते. पण सगळे त्यालाच दिले, तर गल्लीतल्या जाड भिंतीआडचा फोन उपाशी राहील, म्हणून आधी कोणाला किती मिळाले याचाही हिशेब सहसा ठेवला जातो. गेरच्या गर्दीत तर या रांगेत शिरणेच कठीण होते. जोडणी मागणारा फोन बहुधा ६४ ठरावीक संकेतांच्या संचातला एखादा निवडतो, आणि दोघांनी एकाच क्षणी तोच निवडला, तर निदान एकाला थांबून पुन्हा मागणी करावी लागते.

फोनकडून आलेला डेटा नीट मिळाला की नाही, याचे उत्तरही फोरजीत चौथ्या मिलिसेकंदाला द्यावे लागते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे अनेक टॉवरांची युनिटे एका इमारतीत आणता येतात खरी, पण सर्वसाधारणपणे २० किलोमीटरच्या आतच.

फायबरवरचा भारही थोडाथोडका नसतो. दोन अँटेनांच्या अशा फोरजी पट्ट्यात ग्राहकांपर्यंत सेकंदाला जेमतेम १५० मेगाबिट पोहोचतात, पण कच्च्या आकड्यांसाठी फायबरवर जवळजवळ २.५ गिगाबिट धावत असतात. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या फाइव्हजीत एका रेडिओ युनिटला ६४ अँटेना-मार्गही असू शकतात. त्या प्रमाणात भार वाढू द्यायचा, तर फायबर पुरणार नाही. म्हणूनच बेसबँडच्या कामाचा पहिला टप्पा आता बऱ्याच ठिकाणी वर, रेडिओ युनिटमध्येच उरकला जातो, आणि दुरुस्ती व वाटणी तेवढी खालच्या कपाटाकडे राहते.