गाडी किती वेळ उभी राहणार?

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित इंदूरकर बंधुभगिनींनो,

सार्वजनिक वाहनतळावर विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची म्हटली की ‘यंत्र किती किलोवॉटचे बसवायचे?’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो. माझ्या मते त्याच्याही आधी ‘येथे गाडी किती वेळ उभी राहते?’ हे विचारायला हवे, कारण जागा, केबल, ट्रान्सफॉर्मर आणि खर्च यांचा सगळा हिशेब त्या उत्तरावर बसतो.

आपला राजवाड्याचा परिसर घ्या. कापड किंवा दागिने घ्यायला आलेले कुटुंब दीड-दोन तास सहज थांबते, आणि रात्री सराफ्यातल्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच समोर खाण्याची दुकाने लागून गाड्यांची दुसरी पाळी सुरू होते. येथे 60 किलोवॉटचा डीसी जलद चार्जर, म्हणजे बॅटरीला थेट वीज देणारे यंत्र, लावला, तर लहान मोटार तासाभरात 80 टक्क्यांपर्यंत पोहोचते, त्यानंतर बॅटरी विजेचा प्रवाह कमी कमी घेऊ लागते, आणि मालक दुकानात असल्यामुळे गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला अडकलेलीच राहते. महागडे यंत्र असे अडून बसते. तेवढ्याच भारात 7.4 किलोवॉटचे आठ एसी पॉइंट चालतात; त्यांची वीज गाडीतला चार्जर बॅटरीसाठी बदलून घेतो. गाडीतला चार्जर तेवढी वीज घेऊ शकत असेल, तर दोन तासांत सुमारे 15 युनिट, म्हणजे साधारण 90 ते 100 किलोमीटरची सोय होते. जलद चार्जरची खरी जागा महामार्गावर आहे, जिथे माणूस चहापुरता थांबतो.

त्याहून निकडीचा प्रश्न दुचाकींचा आहे. स्कूटरची बॅटरी साधारण 3 युनिटची असते आणि तिला 3.3 किलोवॉटचा साधा पॉइंट पुरून उरतो, तरीही बहुतेक नकाशांत दुचाकींच्या रांगेत एकही सॉकेट दिसत नाही. बाजारात येणाऱ्यांपैकी किती जण दुचाकीवर येतात हे आपण रोज पाहतो. म्हणून सुरुवात त्या रांगेपासून व्हावी, असा माझा आग्रह आहे.

7.4 किलोवॉटचे वीस पॉइंट म्हणजे 148 किलोवॉट, पण सर्व गाड्या एकाच वेळी पूर्ण वीज घेत नाहीत, आणि उपलब्ध भार गाड्यांमध्ये वाटून देणारी नियंत्रण व्यवस्था बसवली तर बरीच लहान जोडणी पुरते. केबल नेणाऱ्या जमिनीखालच्या पाइपांत मात्र काटकसर करू नये. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिने वाहनतळाच्या क्षमतेच्या 20 टक्के जागा विजेच्या गाड्यांसाठी सुचवल्या. मी त्याहून अधिक जागांपर्यंत रिकामे पाइप आजच टाकून ठेवीन, कारण पुढे फरशी फोडणे फार महागात पडते.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांबाचा पाया उथळ ठेवला तर खांब कलतो आणि केबलवर ताण येतो. हीच माती ओली असताना विजेला चांगली वाट देते, सुकली की तितकी देत नाही. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करावी, श्रावणातल्या आकड्यावर विसंबू नये. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा घरगुती ब्रेकरही येथे पुरेसा नाही, कारण गाडीकडून डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो, म्हणजे त्याला गळती ओळखता येत नाही. 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारे संरक्षण हवेच.

मागे एका पावसाळ्यात, एका वाहनतळावर, मी चार्जिंगची गन डबक्यात पडलेली पाहिली. ती अडकवायला आकडाच नव्हता. एका बाईंनी ती ओढणीने पुसली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा खाली ठेवून त्या निघून गेल्या. संरक्षण कितीही चोख असले तरी भिजलेल्या, चिखल लागलेल्या गनवर कोणी विश्वास ठेवणार नाही; कमरेच्या उंचीवर आकडा, वर छप्पर आणि रात्री पुरेसा उजेड हे रचनेतच यायला हवे. चार्जिंगचे तोंड काही गाड्यांना समोर असते, काहींना मागच्या बाजूला, म्हणून दोन जागांच्या मध्ये एक खांब आणि सुमारे पाच मीटर केबल ठेवावी, म्हणजे ती चाकाखाली न येता दोन्हीकडे पोहोचते.

नकाशा काढायला बसण्यापूर्वी वाहनतळाच्या ठेकेदाराकडून एका आठवड्याच्या पावत्या मागून घ्याव्यात, त्यांवरच्या येण्या-जाण्याच्या वेळा मांडाव्यात, आणि त्या आठवड्यात शनिवारची रात्र आहे ना, हे आधी पाहावे.