अपघाताची नोंद कुठे करायची?

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी विकिपीडियावर मी बरीच वर्षं संपादनाचं काम करतो. रात्री जेवण झालं की तासभर बसायचं, दिवसभरात आलेली नवी पानं वाचायची, शुद्धलेखन नीट करायचं, संदर्भ तपासायचे. एका हिवाळ्यात, उसाचा हंगाम भरात असताना, असंच एक नवं पान समोर आलं. आमच्याच जिल्ह्यातला अपघात होता. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला अंधारात उभी होती, मागे रिफ्लेक्टर नव्हता, आणि मोटारसायकलवरची दोन पोरं तिच्यावर जाऊन आदळली. पानावर दोघांची नावं होती, गाव होतं, वयं होती. संदर्भ एकच, त्या दिवशीची चार ओळींची बातमी.

मी त्या पानावर 'पान काढा' असा साचा, म्हणजे ते पान वगळावं अशी सूचना, लावली आणि चर्चा पानावर कारण लिहिलं, की या घटनेची उल्लेखनीयता दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्या मुलाने माझा नंबर शोधून फोन केला. कॉलेजात शिकणारा मुलगा. गेलेल्यांपैकी एक त्याचा मावसभाऊ होता. तो म्हणाला, "सर, म्हणजे माझा भाऊ उल्लेख करण्यासारखा नव्हता का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आज तुमच्याशी बोलतोय ते त्या प्रश्नामुळे.

उल्लेखनीयता हा आमचा रोजचा शब्द, पण ज्याच्या घरात सुतक आहे त्याच्या कानावर तो कसा पडत असेल, याचा मी तोवर विचार केला नव्हता. कोणता जीव मोठा आणि कोणता लहान, हे त्या शब्दात मोजलेलं नसतं. तिथे विचारायचं ते एवढंच, की ही घटना सरल्यावरही तिच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी तिच्याविषयी लिहिलं का? तपास, निकाल, अभ्यास, बदललेला नियम, असं काही मागे राहिलं का? बातमी पहिल्या दिवशी सगळ्यांचीच येते. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. दिवसाला साडेचारशेहून जास्त. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल.

मेलेल्यांच्या आकड्यावरून निर्णय होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. एकच मृत्यू. पण मोटारीखाली पादचारी दगावल्याची ब्रिटनमधली ती पहिली घटना, आणि सव्वाशे वर्षांनंतरही रस्त्यांचा इतिहास लिहिणारे तिच्यापाशी थांबतात. उलट, दहा-बारा माणसं गेलेल्या कित्येक अपघातांवर आठवड्यानंतर कुणी एक ओळ लिहिलेली सापडत नाही. याचं वाईट वाटतं, पण ज्ञानकोशातलं पान वाईट वाटण्याच्या आधारावर उभं राहत नाही.

आता सावित्रीचा पूल घ्या. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, महाडजवळ नदीला पूर, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा 1928 सालचा दगडी पूल वाहून गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसट्या आणि इतर गाड्या नदीत गेल्या. त्या रात्री किती गाड्या गेल्या हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे गाड्या शोधायला तीनशे किलोचं लोहचुंबक क्रेनला बांधून नदीत सोडलं. एक मृतदेह तर पार अंजर्ल्याच्या समुद्रात सापडला. त्या रात्री कुणी घाईघाईने पान लिहिलं असतं, तर त्यात निम्म्या अफवा आल्या असत्या आणि पुढे कुणी दुरुस्त केल्या नसत्या तर तशाच राहिल्या असत्या. पण वर्षभरात चित्र स्पष्ट झालं. चौकशी आयोग बसला. देशभरातल्या पुलांची नोंद आणि प्रकृती पाहणारी व्यवस्था केंद्राने त्याच ऑक्टोबरमध्ये सुरू केली. नवा पूल जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. या अपघाताला स्वतंत्र पान हवं, यावर कुणी वाद घालणार नाही.

काही अपघात माणसाच्या पानात राहतात. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. 12 फेब्रुवारी 2001 ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. त्या घटनांची जागा त्यांच्या चरित्रात आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले, ते समृद्धी महामार्गाच्या पानात आलंच पाहिजे. त्या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू होऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

मला नेहमी विचारतात, "अहो, इंटरनेटवर जागेची काय कमी? केतकरांच्या ज्ञानकोशाला छपाईचा खर्च होता, तुम्हाला काय?" जागा आहे, हे खरं. पण पान राखायला माणूस लागतो. आरोपी सुटला, मृतांचा आकडा बदलला, तर ते कुणीतरी लिहायला हवं. आम्ही मूठभर माणसं आहोत.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आमचा निकष छापून आलेल्या मजकुरावर चालतो. मुंबई-पुण्यात मोटार धडकली तर महिनाभर लिहिलं जातं. घाटात वडापची जीप कोसळली तर जिल्हा आवृत्तीत एक चौकट येते, आणि तालुक्याच्या साप्ताहिकात जे सविस्तर छापलेलं असतं ते इंटरनेटवर नसतंच. म्हणजे संदर्भ नाही असं आम्ही म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो वाचनालयाच्या माळ्यावर सुतळीने बांधून पडलेला असतो. निकष चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण 'मिळाला नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे, आणि पान काढायच्या आधी निदान एक फोन तरी करायला हवा. त्या मुलाच्या वेळी मी तो केला नव्हता. फोन त्याला करावा लागला.

पुढे आम्ही खूप बोललो. मी त्याला म्हटलं, "तुझ्या भावाचं नाव ज्ञानकोशात घालून त्याच्या आईला काय मिळेल? उद्या कुणीही ते पान उघडेल, बदलेल. पण ट्रॉलीला रिफ्लेक्टर का नव्हता, हे लिही. कायद्याने तो लागतो. दर हंगामात अशा ट्रॉल्यांवर किती गाड्या आदळतात, हे कुणी एकत्र मांडलेलं नाही."

तो काही बोलला नाही. पान काढलं गेलं.

महिना-दीड महिन्याने ऊस वाहतुकीवरच्या मजकुरात एका नव्या सदस्याने भर घातलेली दिसली. जिल्ह्याच्या वाचनालयातल्या जुन्या अंकांमधून पाच हंगामांतल्या बातम्या तारीखवार उतरवल्या होत्या, प्रत्येकीला अंक आणि पान क्रमांक. मृतांपैकी एकाचंही नाव नव्हतं. त्या हिवाळ्यातल्या अपघाताची ओळ यादीत शेवटून दुसरी होती, बाकीच्यांइतकीच लांब. मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि पान जतन केलं.

नमस्कार.